कार्तिकातला काकडा: वस्तीत महिनाभराचं पहाटेचं भजन कसं उभं करावं

कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमा हा महिना महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत काकड्याचा, म्हणजे देवाला उठवायच्या पहाटेच्या भजनाचा, असतो. काही ठिकाणी तो आश्विन एकादशीला बसतो, काही ठिकाणी कार्तिकी एकादशीला उठतो. गावागणिक फरक आहे आणि तो तसाच राहू द्यावा. गावाकडून शहरात आलेल्या, नव्या सोसायटीत स्थिरावलेल्या कितीतरी घरांत मात्र हा महिना आता कोरडाच जातो. काकडा ऐकलेला असतो, अर्ध्या ओळी तोंडपाठ असतात, पण पुढाकार कोणी घ्यायचा आणि सुरुवात कुठून करायची, तिथे गाडी अडते. त्यांच्यासाठी हा लेख.

आधीच सांगतो, माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. काकडा ऐकायचा कार्यक्रम नाही, म्हणायचा आहे. गायक बोलावून, माईक लावून, खुर्च्या मांडून केलेला काकडा चार दिवसांत थकतो. सात माणसांनी सतरंजीवर बसून, आपापल्या आवाजात, ठरलेल्या क्रमाने म्हटलेला काकडा महिना काढतो. पुढचं सगळं नियोजन याच धोरणाने करायचं आहे.

वेळ सूर्याकडून मोजा

बहुतेक जण "पहाटे पाचला जमू" असं ठरवतात आणि तिथेच चुकतात. काकड्याची मालिका अंधारात सुरू होऊन उजेडात संपण्यासाठी रचलेली आहे. म्हणून शेवट सूर्योदयाला ठेवायचा आणि तिथून मागे मोजत यायचं. पूर्ण मालिकेला साधारण सव्वा तास लागतो. आपल्याकडे सूर्योदयाच्या सुमारे सव्वा तास आधीच पूर्वेला उजेडाचा पहिला अंश उतरायला लागतो, त्यामुळे हे गणित सुरेख जमतं.

मुंबईत ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्योदय साडेसहाच्या थोडा पुढे असतो, नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यात पावणेसातच्या पुढे. म्हणजे सुरुवातीला सव्वापाच ते पाच-वीस, आणि शेवटी शेवटी साडेपाच. नागपूरकरांनी ही वेळ जशीच्या तशी घेऊ नये. तिथे सूर्य मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. दिनदर्शिकेत छापलेली वेळ कोणत्या गावची आहे ते आधी बघा. परदेशातल्या मंडळींचं काम उलट सोपं आहे: लंडनला नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्योदय सातच्या आसपास असतो, त्यामुळे पावणेसहाला सुरू केलं तरी चालतं. फक्त तिथे संधिप्रकाश आपल्यापेक्षा जास्त वेळ रेंगाळतो, तोवर उजेडाचा पहिला अंश उतरून गेलेला असतो.

महिनाभरात सूर्योदय पंधराएक मिनिटं पुढे सरकतो. दर दहा दिवसांनी वेळ पाच मिनिटं पुढे घ्या आणि ती फळ्यावर लिहा. रोज थोडी थोडी बदलू नका, लोक गोंधळतात.

माणसं: पाच पक्की हवीत, बाकीची येतात

पहिल्या बैठकीला तीस जण हो म्हणतात. त्यावर भरवसा ठेवू नका. तुम्हाला पाच माणसं अशी हवीत जी पावसात, थंडीत, पाहुणे आले तरी येतील. एक चाल लावणारा, एक पखवाजी, एक पेटीवाला आणि दोन खणखणीत आवाजाचे टाळकरी. वीणा असेल तर विणेकरी वेगळा. तो उभा राहतो आणि भजन चालू असताना वीणा खाली ठेवत नाही. दमला तर ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणा नसेल तर अडत नाही.

चाल लावणारा उत्तम गायकच असला पाहिजे असं नाही. त्याला ओळ कुठे उचलायची, कुठे सोडायची आणि कुठे थांबायचं हे कळलं पाहिजे. माझ्या मते गावच्या काकड्यात बसलेला निवृत्त माणूस या कामाला क्लासमध्ये शिकलेल्या गायकापेक्षा बरा, कारण तो बाकीच्यांची वाट बघतो.

महिनाभर आधी आणखी एक काम करा. वस्तीतल्या ज्येष्ठांकडे जा आणि त्यांच्या गावची चाल विचारा. सातारकडच्या आजींची भूपाळी आणि मराठवाड्यातल्या काकांची भूपाळी एकाच शब्दांची असली तरी चाल वेगळी निघते. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, नाव आणि गाव लिहा. नंतर त्यातली कोणती चाल सगळ्यांना झेपते ते बघून निवडा. एखाद्या आजींची चाल निवडली की त्या स्वतः येतात आणि दोन शेजारणींना घेऊन येतात.

पट्टी आधी पखवाजाची, मग गळ्याची

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण काकडे सर्वांत जास्त इथे विस्कटतात.

झोपेतून उठल्यावर गळा जड असतो. संध्याकाळी सहज लागणारा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, पहाटे पाचला चिरकतो. त्यामुळे एरवीच्या पट्टीपेक्षा अर्धा ते एक स्वर खाली धरायचा. पुरुषच जास्त असतील तर पेटीची काळी एक ते पांढरी दोन, बायका जास्त असतील तर पांढरी पाच ते काळी चार, आणि मिश्र मंडळी असतील तर पांढरी चारच्या आसपास बघा. अंदाजावर जाऊ नका. मालिकेतली सर्वांत वर चढणारी ओळ काढा आणि ती सगळ्यांकडून एकदा म्हणवून घ्या. गटातल्या निम्म्या लोकांच्या मानेच्या शिरा ताणल्या तर पट्टी उतरवा, नाहीतर चाल बदला.

एकदा ठरली की महिनाभर तीच पट्टी. कारण पखवाज. पेटीवर पट्टी बदलायला क्षण पुरतो, पखवाज मात्र एखाद्या स्वराच्या आतच वर-खाली होतो. रोज नव्या पट्टीला चढवायला गेलात तर पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, ताणून फाटेल.

कार्तिकात दव असतं. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि शाईची बाजू सुरातून उतरते. पखवाज रात्री हॉलमध्ये उघडा ठेवू नका, घरात, कापडात गुंडाळून ठेवा. सकाळी भजनाच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, पेटीवर षड्ज धरा आणि हातोडीने बाजूचे लाकडी गठ्ठे हलके ठोकत पुडी चौफेर सारखी करून घ्या. एकाच ठिकाणी ठोकत बसलं की पुडीच्या एका बाजूला सूर चढतो आणि समोरच्या बाजूला उतरतो.

मग धुम. डाव्या तोंडावर कणीक लावायची ती ताजी भिजवलेली, पुरीच्या लाटीपेक्षा थोडी मोठी, पोळीच्या कणकेपेक्षा सैल. कातड्याला आधी ओल्या बोटाने किंचित पाणी लावायचं, मधोमध गोळा दाबून पसरायचा आणि थाप मारून बघायचं. आवाज कोरडा, 'टप्प' येत असेल तर कणीक कमी आहे. घुमतोय पण खोल जात नाही, तर बोटभर आणखी लावा. फार लावली तर नाद दबतो आणि हात जड पडतो. भजन झालं की लगेच काढून पुसायची. वाळलेली कणीक खरवडताना कातडं सोलतं आणि तशीच राहिली तर मुंग्या लागतात. रात्री भिजवून फ्रीजमध्ये ठेवलेली कणीक वापरू नका. ती थंड आणि चिवट होते, नीट चिकटत नाही.

टाळांबद्दल एकच सूचना: बंद हॉलमध्ये चार जोड्या पुरेत. दहा-बारा टाळ एकदम वाजले की शब्द बुडतात, आणि काकड्यात शब्द बुडले तर काय राहिलं? बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. लहान मुलांना टाळ हवेच असतात. त्यांना ते शेवटच्या आरतीला द्या, तोवर ती जागी राहतात.

मालिका: क्रम का मोडू नये

आळंदी, देहू, पंढरपूरला काकडा भजनाच्या छापील पुस्तिका मिळतात. त्यांतले अभंग थोडे पुढेमागे असतात, गाभ्याचा क्रम मात्र बहुतेक सारखा. त्यातून आपल्या सव्वा तासाचे अभंग निवडून मोठ्या अक्षरांत छापून घ्या. फोनवर बघून म्हणू नका. अंधारात पडद्याचा उजेड डोळ्यांत जातो आणि प्रत्येकाची मान खाली राहते.

पहिली बारा मिनिटं मंगलाचरण आणि रूपाचे अभंग. ज्ञानेश्वरांचा 'रूप पाहतां लोचनीं', तुकोबांचा 'सुंदर तें ध्यान' हे बहुतेकांना पाठ असतात, म्हणून ते सुरुवातीला. गळा अजून उघडलेला नसतो. संथ लय आणि मध्य सप्तकातल्याच चाली घ्या. इथे कोणी तान घ्यायला लागला तर प्रेमाने थांबवा.

पुढची पंधरा मिनिटं काकड्याचे अभंग आणि काकडआरती. आता देवाला उठवायचं. आरतीतला काकडा म्हणजे पिळलेल्या सुती कापडाची किंवा कापसाची जाड वात, तुपात किंवा तेलात भिजवलेली. घरातलं जुनं, स्वच्छ धुतलेलं सुती वस्त्र घ्या. नायलॉन-पॉलिस्टरचा अंश असलेलं कापड नको, ते वितळून ठिबकतं. वात रात्रीच भिजत घालून ठेवा. सोसायटीच्या हॉलमध्ये एकच काकडा पेटवा, खाली पितळी ताट ठेवा आणि जवळ पाण्याची बादली असू द्या. बाकीच्यांनी निरांजनं आणावीत. हॉलचे दिवे आरती होईपर्यंत बंद ठेवता आले तर जरूर ठेवा, एक छोटा दिवा पुस्तिका वाचण्यापुरता पुरे.

मग पंधरा मिनिटं भूपाळ्या. भूपाळ्यांच्या जुन्या चालींपैकी बऱ्याच सा रे ग प ध या पाच सुरांत फिरतात. मध्यम आणि निषाद नसल्याने अवघड अर्धस्वर लागत नाहीत आणि न शिकलेला गळाही सुरात राहतो. शास्त्रीय संगीत शिकलेला एखादा जण इथे हमखास हरकत घेईल की हे भूपाचे सूर आणि भूप तर रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. त्याचं म्हणणं चूक नाही. त्यावर तोडगा सुरांतच आहे. हेच पाच सूर देशकार रागात सकाळचे होतात. भूपात वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार, देशकारात वादी धैवत. म्हणून भूपाळीची ओळ गंधारावर रेंगाळवण्याऐवजी धैवताकडे नेऊन पंचमावर सोडली, तर पहाटेचा रंग आपोआप चढतो. पेटीवाल्याला एवढं सांगून ठेवा. भैरवाच्या चाली घ्यायच्या असतील तर काकड्याच्या अभंगांना घ्या. कोमल रिषभ आणि कोमल धैवत अंधारात शोभतात. पण ते दोन सूर सामूहिक गाण्यात नीट लागत नाहीत असा माझा अनुभव आहे. पंधरा जणांचा कोमल रिषभ पंधरा ठिकाणी लागतो. चाल लावणाऱ्याने एकट्याने म्हणावी आणि बाकीच्यांनी फक्त धृपद धरावं.

त्यानंतर तेरा मिनिटं रूपकं: वासुदेव, आंधळा, पांगळा, मुका, बहिरा, जोगी. काकड्यातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे आणि वेळ कमी पडला की लोक नेमका तोच गाळतात. मोरपिसांची टोपी, पायघोळ झगा, टाळ-चिपळ्या घेऊन पहाटे दारी येणारा वासुदेव, रस्त्याकडेला बसलेला आंधळा, हाक मारणारा जोगी ही सगळी पहाटेच्या गावातली माणसं. संतांनी त्यांच्या तोंडून परमार्थ सांगितला, एकनाथांनी तर भरभरून. देव उठला, आता गाव उठतंय, असा हा टप्पा आहे. तो गाळला तर देवळातून थेट आरतीवर उडी पडते. रोज सगळी रूपकं घेऊ नका. एका दिवशी वासुदेव, दुसऱ्या दिवशी आंधळा-पांगळा, असं फिरवा. वासुदेवाला चिपळ्या हव्यातच आणि लय चालण्याची हवी. मुलांपैकी कोणी धीट असेल तर त्याला उभं राहून म्हणू द्या.

आता सूर्योदयाला वीस मिनिटं राहिलेली असतात. बाहेर फटफटलेलं असतं, समोरच्याचा चेहरा दिव्याविना दिसतो. ही गौळणींची वेळ. गळे मोकळे झालेले असतात, म्हणून वर चढणाऱ्या चाली इथे घ्या, लय वाढवा, पखवाज्याला मोकळीक द्या. एरवी मागे बसणाऱ्या बायकांचा आवाज गौळणीत वर येतो. त्यांना एक चरण, पुरुषांना दुसरा, असं वाटून दिलं तर बहार येते.

शेवटची आठ मिनिटं आरती आणि पसायदान. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या या नऊ ओव्या पखवाज-टाळ थांबवून म्हणा, आणि सगळ्या म्हणा. पाच म्हणून उठणं बरं नाही.

रविवार ओव्यांचा

ही परंपरेतली रीत नाही, माझी सूचना आहे. पहाटेच्या मराठी गाण्याचा सर्वांत मोठा साठा देवळात नव्हता, जात्यावर होता. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या संकलनात हजाराहून जास्त गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी पारी या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. वस्तीतल्या साठी-सत्तरीच्या बायकांनी हे गाणं आईच्या तोंडून ऐकलेलं असतं. त्यांना काकड्याच्या पुस्तिकेत शोधूनही आपली ओळ सापडत नाही. म्हणून रविवारी रूपकांच्या जागी दहा मिनिटं ओव्या ठेवा. पखवाज नको, पेटीही नको. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने शेवट उचलायचा. कोणाकडे जातं असेल आणि आणता आलं तर उत्तमच. हात फिरायला लागला की विसरलेल्या ओव्या परत येतात.

आवाज आणि शेजारी

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ही वेळ रात्रीची धरली जाते आणि त्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. म्हणजे काकड्याचा बराच भाग या वेळेत येतो. मी याकडे अडचण म्हणून बघत नाही. भोंगा नसला की प्रत्येकाला म्हणावं लागतं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

पण पखवाज-टाळही भिंतीपलीकडे जातात. तळमजल्यावरचा किंवा गच्चीखालचा हॉल घेण्यापेक्षा वस्तीच्या कडेची खोली, देवळाचा सभामंडप, एखाद्याचं बंद गॅरेज बघा. लगतच्या घरांत आधी स्वतः जाऊन सांगा. कोणाकडे तान्हं बाळ, रात्रपाळी करणारा, आजारी माणूस आहे का ते विचारा. असेल तर पहिला अर्धा तास टाळांशिवाय घ्या, फक्त पेटी आणि हलका पखवाज. सहानंतर टाळ उघडा. एवढं पाळलं तर तक्रारीची वेळ सहसा येत नाही, आणि कोणी तक्रार केलीच तर वाद न घालता आवाज कमी करा. महिना निभावायचा आहे.

गळ्याची काळजी

घरून निघताना कोमट पाणी प्या. चहा नंतर. येताना वाटेत ओठ मिटून, मंद्र सप्तकात नुसता गुंजारव करत या. दोन मिनिटं पुरतात. थंडीत कान आणि गळा झाका. ज्याचा आवाज बसलाय त्याने ओठ हलवत बसावं आणि टाळ धरावा, कुजबुजत म्हणू नये. बसलेल्या गळ्याला कुजबुजही ताण देते. पहिल्या आठवड्यात हमखास दोन-तीन गळे बसतात, कारण उत्साहात लोक ओरडतात. म्हणून चाल लावणारे दोघं तयार ठेवा.

नैवेद्याला लोणी-साखर पुरे, पंढरपुरातही काकडआरतीला विठोबाला लोणी-साखरच दाखवतात. रोजच्या नाश्त्याचा घोळ घालू नका. आज पोहे, उद्या उपमा अशी चढाओढ लागली की ज्याची ऐपत नाही तो यायचा थांबतो. चहा आणि बिस्किट, बस्स. जेवण शेवटच्या दिवशी.

कार्तिकीच्या दिवसांत

मंडळींपैकी कोणी कार्तिकीला पंढरपूरला निघालं तर त्यांना एक गोष्ट माहीत असू द्या. यात्रेच्या दिवसांत तिथे देवाचा पलंग निघतो. दर्शन चोवीस तास सुरू असतं, देव निजतच नाही, म्हणून शेजारती होत नाही आणि काकडआरतीही होत नाही. यात्रा संपल्यावरची प्रक्षाळपूजा (देवाच्या स्नानाची पूजा) झाली की देवाचे नित्योपचार पूर्ववत सुरू होतात. त्यामुळे "पंढरीची काकडआरती बघू" म्हणून त्या दिवसांत गेलेला माणूस हिरमुसतो. आरतीसाठीच जायचं असेल तर प्रक्षाळपूजेनंतर किंवा यात्रेच्या बऱ्याच आधी जा. आपल्या वस्तीतला काकडा मात्र त्या दिवसांतही थांबवू नका.

प्रबोधिनी एकादशीला गर्दी वाढते. त्या दिवशी अभंग वाढवण्याचा मोह होतो, तो टाळा. वाढीव अभंग द्वादशीला घ्या, तेव्हा पक्की मंडळीच असतात.

शेवटच्या दिवशी काल्याचे अभंग, काला, आणि मग जेवण. उठण्याआधी तीन कामं तिथेच उरका: पुस्तिका मोजून एका घरी ठेवा, गोळा केलेल्या चालींची ध्वनिमुद्रणं सगळ्यांच्या गटावर टाका, आणि पुढच्या वर्षी चाल कोण लावणार त्याचं नाव फळ्यावर लिहा. पखवाजाची पुडी महिनाभराने थकलेली असते. ती डिसेंबरातच भरून घ्या, आश्विनात कारागिराकडे रांग असते.